पहिल्या खाचेतलं नाणं

ती केस विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. चौतीस वर्षं दिल्लीत पोलिसाची नोकरी केली. खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर चोरीला गेलेली अख्खी बस शोधून आणली. पण निवृत्तीनंतर कोणी 'एखादी केस सांगा ना' म्हटलं की माझ्या तोंडी येते ती एका नाण्याची चोरी. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पडू दे. मी सहजासहजी थक्क होणारा माणूस नाही, पण त्या केसने मला थक्क केलं. नावं कुणाचीच सांगणार नाही, कारण त्यातली माणसं अजून इथेच राहतात.

माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे माझं लहानपण दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. ठाण्यात मी एकटाच मराठी. माझा सब-इन्स्पेक्टर हरियाणाचा, जीभ त्याची फार सैल. म्हणायचा, "सर, पानिपत के बाद सब मराठे घर लौट गए, आप कैसे रह गए?" मी म्हणायचो, "तुझ्यावर नजर ठेवायला." माझं मराठी असणं ठाण्यात तेवढ्या थट्टेपुरतंच होतं. या केसमध्ये मात्र ते कामाला आलं.

जानेवारीतली सकाळ होती. ड्यूटी ऑफिसरने आत येऊन सांगितलं, "सर, एक जादूगर आया है." बाहेर पाहतो तर पंचाहत्तरीचे एक गृहस्थ, माकडटोपी, मफलर, आणि दोन्ही हातांत पांढरेशुभ्र सुती हातमोजे. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अच्छा, म्हणजे तुम्ही आपले! अहो साहेब, चोरी झाली हो माझ्याकडे. नाणं गेलं."

"किती गेली?"

"एक."

"सोन्याचं?"

"चांदीचं. दहा रुपयांचं."

ठाण्याचा कारकून, आमचा मुन्शी, खुदकन हसला. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण खरं सांगतो, हसू मलाही आलं होतं. थंडीने बोटं आखडलेली, समोर तीन वाहनचोऱ्या आणि एका लग्नातल्या हाणामारीची कागदपत्रं, आणि हे दहा रुपये घेऊन आलेले! तरी चहा मागवला, त्यांना बसवलं. तक्रारदार बोलायला लागला की त्याला तोडू नये, हे मला माझ्या पहिल्या फौजदाराने शिकवलं होतं. माणूस बोलता बोलता जे मध्येच गाळतो, तपास तिथून सुरू होतो.

काका (मी त्यांना पहिल्या दिवसापासून काकाच म्हणालो) मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. चाळीसहून अधिक वर्षांचा नाद एकच, सरकारी टांकसाळीतून निघणारी चांदीची स्मारक नाणी जमवायची. कुणाची शताब्दी, कुठला महोत्सव, असं काही असलं की टांकसाळ असं नाणं काढते. त्यातली काही खास संग्राहकांसाठी आरशासारखी चकचकीत पाडतात. काका मालिका लावून ती जमवत होते. त्या मालिकेत एक नाणं त्यांना एकतीस वर्षं मिळत नव्हतं.

"मिळालं नाही असं नाही हो," काका म्हणाले. "तीनदा मिळालं. पहिल्यावर ओरखडा होता. दुसरं कुणा शहाण्याने टूथपेस्टने घासलं होतं. आणि तिसरं कधीकाळी कडी लावून गळ्यात घातलेलं. कडी काढली तरी डाग राहतोच. कडी लावलेलं नाणं म्हणजे मेलेलं नाणं. तिन्ही परत केली."

"मग हेच चोरीला गेलं?"

"नाही नाही. हे गेल्या आठवड्यात मिळालं. चौथं. अगदी निर्दोष! सेट पूर्ण होणार म्हणून पेटी उघडली, दहा महिन्यांनी. ही गेल्यापासून उघडलीच नव्हती. शेवटच्या खाचेत नवं नाणं ठेवलं आणि वर पाहतो तर पहिलीच खाच रिकामी. माझ्या संग्रहातलं पहिलं नाणं. अहो, एकतीस वर्षांनी शेवटचं आलं आणि पहिलं गेलं!"

हसू आलं होतं त्याची मला लाज वाटली.

दुपारी त्यांच्या फ्लॅटवर गेलो. दक्षिण दिल्लीतली सरकारी नोकरांची जुनी सोसायटी. पत्नी मागच्या मार्चमध्ये गेलेल्या, मुलगा परदेशात. भिंतीवर बाईंचा फोटो, त्याला चंदनाचा हार. काकांनी पेटी आणली. शिसवी लाकूड, आत निळी मखमल, मखमलीत गोल खाचा, प्रत्येक खाचेखाली एक लहानसं कार्ड. त्यांनी हातमोजे चढवले, एक नाणं कडेला धरून उचललं आणि दिव्याखाली तिरकं केलं.

मी आयुष्यात चांदी पुष्कळ पाहिली होती, पण जप्तीची, ठाण्याच्या मालखान्यातली. काळी पडलेली, पिशवीत कोंबलेली, वजन करून लेबल डकवलेली. हे काही वेगळंच होतं. नाण्याची पाटी इतकी स्वच्छ की मला माझ्या मिशीतला एकेक पांढरा केस दिसला, आणि त्या आरशावर उठलेली आकृती मात्र दुधाळ, मऊ. मी श्वास रोखून पाहत होतो हे सब-इन्स्पेक्टरने खोकल्यावर माझ्या लक्षात आलं. एका माणसाने भाड्याच्या खोलीपासून या फ्लॅटपर्यंत, बदल्या, आजारपणं, मुलाची शिक्षणं सांभाळत हे जमवलं होतं, आणि एकालाही बोट लागू दिलं नव्हतं. एवढी चिकाटी मी फक्त जुन्या खिसेकापूंत पाहिली होती, असं मी म्हणालो. काका प्रसन्न झाले.

कार्डं वाचली. सुवाच्य मराठी. नाणं कोणतं, कधी मिळालं, कोठून मिळालं. एकावर तर लिहिलेलं, 'करोल बाग, फूटपाथवरचा म्हातारा, पाऊस होता, छत्री त्याने धरली.' मला ते फार आवडलं. पहिल्या रिकाम्या खाचेखालचंही कार्ड होतं. नाव होतं, वर्ष होतं. 'कोठून मिळालं' याच्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं.

हे मी पाहिलं, आणि सोडून दिलं. चूक माझी.

"काका, हे पहिलं नाणं दुर्मीळ होतं का?"

"छे! मालिकेतलं सगळ्यांत स्वस्त. शताब्दीचं. करोल बागेत आजही पसाभर मिळतील."

"मग दुसरं घेऊ."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू त्यांचा मुलगा हरवलाय आणि मी दुसरा बघू म्हणालोय. "तेच पाहिजे," म्हणाले. "त्याच्या कडेला, खालच्या बाजूला, लालसर डाग आहे. कुंकवासारखा. मी डोळे मिटून ओळखीन."

घरात येणारं माणूस एकच, कामवाली. झाशीकडची, सतरा वर्षं या घरात, राहायला मुनिरक्याला. मी तिथेच तिला विचारलं, "पेटी में से सिक्का निकाला?"

तिने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "साहब, पेटी को हमने कभी हाथ नहीं लगाया."

सतरा वर्षं त्याच घराची किल्ली जिच्याकडे, तिला सोडून संशय घ्यायचा तरी कुणावर? काका म्हणाले, "दुसरं कोणी येतच नाही हो." मी गुन्हा नोंदवला आणि नाण्याचं वर्णन, त्या डागासकट, करोल बागेतल्या चांदीवाल्यांना कळवलं.

तिथे माझा एक खबरी होता, एक वयस्क कारागीर. पूर्वी चोरीचे पैंजण विकत घेताना मी त्याला धरला होता. तेव्हापासून तो इतका प्रामाणिक झाला की त्याची बायकोही चकित झाली असेल. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. "साहब, आपका दागवाला सिक्का मेरे हाथ में है. एक औरत दे गई है, कुंडा लगवाने. चार बजे लेने आएगी."

कुंडा, म्हणजे कडी. गळ्यात घालायला! "लावलंस?"

"भट्ठी गरम हो रही है."

"हात लावशील तर याद राख!" मी मराठीतच ओरडलो. त्याला कळलं.

महिला कॉन्स्टेबलला घेऊन आम्ही पोहोचलो, नाणं ताब्यात घेतलं. कडी लागलेली नव्हती. चारला ती आली. तीच. हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर भीती नाही, लपवाछपवी नाही. आम्हाला पाहून ती नुसती गोंधळली. हेही मला खटकायला हवं होतं. तपास चालू असताना, भरबाजारात, दिवसाउजेडी चोरीचा माल घेऊन कोण येतं? पण माल सापडला की पोलिसाचं डोकं थोडं कमी चालतं. हे मी अनुभवाने सांगतो.

माल ओळखण्यासाठी काकांना बोलावलं. बाजारातून तशीच पाच नाणी आणवली होती, त्यांत हे सहावं मिसळून टेबलावर ठेवलं. काका दारातून आत आले, खुर्चीपर्यंतही पोहोचले नाहीत, तिथूनच म्हणाले, "डावीकडून दुसरं." मी सहाही नाणी दोनदा भिंगाखाली फिरवली होती आणि मला डाग धड दिसत नव्हता. या माणसाने चार हातांवरून ओळखलं! सब-इन्स्पेक्टर म्हणाला, "कमाल है."

मग चौकशी. महिला कॉन्स्टेबल शेजारी, सूर्यास्ताआधी बाईला घरी सोडायचं, घड्याळ समोर.

"सिक्का कहाँ से आया?"

"आंटीजी ने दिया था. मेरी बेटी को. शादी में."

"आंटीजी तो गुज़र गईं."

"उससे पहले दिया, साहब."

"किसी ने देखा?"

"मैं थी, बेटी थी."

"बेटी कहाँ है? उसका बयान लेना पड़ेगा."

मुलगी गाझियाबादला सासरी. सातवा महिना. तीन आठवड्यांनी गोदभराई, म्हणजे आपलं डोहाळजेवण, त्यासाठीच नाण्याला कडी लावायची होती. पोलीस सासरच्या दारात गेले की काय होतं हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. चोरीचं नाणं घेऊन आलेली सून! पुढे आयुष्यभर घरात वाटी हरवली तरी नजर तिच्याकडेच.

ती उठली, हात जोडले. "साहब, मुझे बंद कर दो. लिख लो कि मैंने चुराया. बस वहाँ मत जाना."

सब-इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिलं. "कबूल कर रही है, सर. काम ख़त्म."

आणि मी, मित्रहो, पेन उचललं होतं. खरंच उचललं होतं. माल हातात, कबुली समोर, तक्रारदाराने ओळख पटवलेली. याहून स्वच्छ केस कोणाला मिळते? बाहेर हेड कॉन्स्टेबल तिच्या पिशवीतल्या वस्तूंची यादी करत होता. त्याचा आवाज येत होता. "एक पुराना कपड़ा, बॉर्डरवाला. चावल, लाल रंग लगे. हल्दी की गाँठ एक. सुपारी एक. छुहारा, बादाम. सर, यह तो टोना-टोटका लगता है."

मी पेन ठेवलं आणि बाहेर गेलो.

टेबलावर एक पुरचुंडी सोडलेली होती. कापड खणाचं होतं. आपल्याकडे चोळीला असतो तो खण, गर्द हिरवा, लाल काठ. हे कापड करोल बागेच्या कुठल्या दुकानात मला कधी दिसलं नाही, आणि त्या बाजारात मी निम्मी नोकरी काढली आहे. त्यात कुंकू लावलेल्या अक्षता, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. मधोमध तांदळांत एक गोल खळगा पडलेला, तिथे काहीतरी दहा महिने बसून होतं.

"टोटका नहीं है रे," मी म्हणालो. "ओटी आहे."

माझी आई आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, अशाच थंडीत, बदली होऊन चाललेल्या प्रत्येक शेजारणीला पाटावर बसवून अशीच ओटी भरायची. पंजाबी असो, बंगाली असो. त्या बायकांना काही कळायचं नाही, पण डोळे पुसत पदर पुढे करायच्या. मला तो तांदळाचा वास आला आणि त्या क्षणी मी पोलीस राहिलो नाही. चोरलेलं नाणं कोणी अक्षतांत ठेवत नाही. आणि हे कामवालीने रचलेलं नव्हतं. रचणारा माणूस आधी ते सगळ्यांना दाखवतो. हिने पुरचुंडीचा उच्चारही केला नव्हता.

आत आलो. आवाज उतरवला. इतका वेळ कुठे, कधी, कोणी पाहिलं, एवढंच विचारत होतो. जे विचारायला हवं होतं ते आत्ता विचारलं.

"देते वक़्त आंटीजी ने क्या कहा था?"

ती परत खुर्चीत बसली.

"अंकलजी उस दिन बाहर गए थे. आंटीजी से उठा नहीं जाता था. मुझसे पाट बिछवाया, बेटी को बिठाया, लेटे-लेटे गोद भरी. फिर बोलीं, पेटी ला. मैंने कहा, आंटीजी, अंकल गुस्सा होंगे, मैं हाथ नहीं लगाऊँगी. तो खुद उठीं. दीवार पकड़-पकड़कर गईं. वापस आईं तो साँस फूल रही थी. बोलीं, डर मत, यह पेटी का नहीं है. यह मेरा है. मेरी माँ ने दिया था. अंकल की गिनती में चला गया था, बस."

ती खोटं बोलली नव्हती. पेटीला हात लावला का, नाही. पेटीतलं नाणं घेतलं का, नाही. तिच्या लेखी ते नाणं पेटीचं नव्हतंच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, त्या फाशीचा दोर माझ्या हातात होता.

तिला महिला कॉन्स्टेबलबरोबर घरी पाठवलं. आता मला ते कार्ड आठवलं. ज्या माणसाने छत्री कोणी धरली हेसुद्धा लिहून ठेवलं, त्याने पहिल्याच नाण्यापुढे जागा कोरी का सोडली? ज्याने ओरखड्यापायी इतकी वर्षं शोधलेलं नाणं परत केलं, त्याने डाग पडलेलं, बाजारात पसाभर मिळणारं नाणं पहिल्या खाचेत का ठेवलं? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत झाली होती.

काका बाहेर बाकावर बसले होते. "मिळेल ना आता मला?" त्यांनी विचारलं.

"मिळेल. काका, एकच सांगा. हे नाणं तुम्हाला कुठून मिळालं?"

"बँकेत. पगाराच्या पैशांत आलं. मी सगळ्यांना सांगतो की हो, पहिला पगार—"

"मग कार्डावर का नाही लिहिलं?"

ते थांबले. मी पुरचुंडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी खणाच्या काठावरून बोट फिरवलं. हातमोजे नव्हते.

ते म्हणाले, "हा तिच्या लग्नातला खण. साहेब, तोंडाने खोटं बोलता येतं हो. कार्डावर नाही लिहिता आलं." मग एकेक करून सगळं आलं. लग्नानंतर दिल्लीला निघताना बाईंच्या आईने ओटीत ते नाणं घातलं होतं. बाईंनी ते देवघरात ठेवलं, रोज त्याला कुंकू वाहायच्या. एक दिवस काकांनी ते उचललं, उलटंपालटं केलं, 'अरे, हे तर शताब्दीचं' म्हणाले, आणि धुऊन पाकिटात घातलं. तिथून छंद सुरू झाला.

"ती काही म्हणाली नाही?"

"म्हणाली, असू दे. एवढंच." त्यांनी तोंडावर मफलर धरला. "चव्वेचाळीस वर्षं दर लक्ष्मीपूजनाला ती पेटीवर दिवा धरायची, मी एकेक नाणं दाखवायचो. हे पहिलं आलं की मी बँकेची गोष्ट सांगायचो. पाहुण्यांना. तिच्या देखत. ती दिवा धरून उभी असायची हो! आणि ज्या दिवशी तिने हे दिलं, त्या दिवशी मी कुठे होतो माहीत आहे? नाण्यांच्या प्रदर्शनात. त्या शेवटच्या नाण्यासाठी."

मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय देणार?

त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही. पण आजही नतमस्तक होतो तो त्यांच्यापुढे. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी एक शब्द काढला नाही. मग श्वास पुरत नसताना भिंत धरून गेल्या, आपलं होतं तेवढं एकच उचललं, बाकीच्या एवढ्या चांदीला बोट लावलं नाही, आणि सतरा वर्षं आपली भांडी घासणाऱ्या बाईच्या लेकीच्या ओटीत घातलं. आईकडून आलेलं लेकीकडे गेलं. त्यांना लेक नव्हती.

काकांचा जबाब नव्याने घेतला. कोर्टात केस रद्द करण्याचा अहवाल गेला, नाणं सुटायला दोन आठवडे लागले. सोडवून घेतल्यावर कामवालीने ते काकांपुढे धरलं. "रख लीजिए, अंकलजी. आपका सेट अधूरा है." काकांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "साहेब, करोल बागेला येता का आमच्याबरोबर?"

आम्ही तिघं मेट्रोने गेलो. कारागिराने नाणं चिमट्यात धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं.

"लावा कडी," काका म्हणाले.

ज्याने आयुष्यभर नाण्याला श्वाससुद्धा लागू दिला नाही, तो माणूस त्या निळ्या ज्योतीपुढे उघड्या हातांनी उभा होता. ज्योत कडेला टेकली तशी चांदी जांभळी झाली, मग काळी. काकांनी माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत वळ होता. त्यांनी नजर मात्र हलवली नाही. कारागिराने नाणं पाण्यात टाकलं, चर्र आवाज आला, आणि त्यांनी माझा दंड सोडला. लालसर डाग जळून गेला होता. गोदभराई आमच्या पोलिसी पायांशिवाय पार पडली.

आता सगळं गोडच झालं असं समजू नका. काकांनी तिची हात जोडून माफी मागितली, सोसायटीच्या फाटकाशी, चार लोकांसमोर, कारण तिला ठाण्यात नेलेलं लोकांनीच पाहिलं होतं. ती म्हणाली, "माफ़ किया, अंकलजी. पर काम पर नहीं आऊँगी." आणि आली नाही. माझीही माफी मागायची होती. मी मागितली तेव्हा म्हणाली, "आपने आख़िर में पूछा तो सही." त्यातला 'आख़िर में' मला अजून टोचतो.

पुढच्या दिवाळीत काकांनी लक्ष्मीपूजनाला बोलावलं. पाटावर पेटी उघडी होती. सगळ्या खाचा भरलेल्या, पहिली रिकामी. बाजारात पसाभर मिळणारं ते नाणं त्यांनी घेतलं नव्हतं. एवढ्यात बेल वाजली. ती आली होती, लेकीला आणि नातीला घेऊन. सतरा वर्षं ज्या घरात जमिनीवर बसली, तिथे खुर्चीवर बसली. चहा काकांनी केला, साखर फार झाली होती. नातीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ते नाणं होतं आणि ती ते यथेच्छ चोखत होती. "अगं अगं, चांदी ती!" काका म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले.

मी पहिल्या खाचेखालचं कार्ड वाचलं. कोऱ्या जागेत आता शाई होती. 'कोठून मिळालं: हिच्या देवघरातून. न विचारता.'

त्यानंतर नोकरीची दोन वर्षं उरली होती. पूर्वी मी तक्रारदाराला पहिला प्रश्न विचारायचो, काय गेलं? त्या दोन वर्षांत मी त्याच्याही आधी विचारायला लागलो, जे गेलं ते होतं कुणाचं? कितीतरी जण चिडायचे. काही जण मात्र उत्तर द्यायच्या आधी थांबायचे, आणि तिथून तपास सोपा व्हायचा.

त्या लक्ष्मीपूजनाहून घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती पणत्यांत तेल घालत होती. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तुमच्या टेबलावर पेनं ठेवायचं चांदीचं भांडं आहे ना, ते माझ्या आईने दिलेलं फुलपात्र आहे. आठवतंय का साहेबांना?"

मला आठवत नव्हतं. मी उठलो, पेनं काढून ठेवली, फुलपात्र रांगोळीने घासून लख्ख केलं आणि तिच्या देवघरात नेऊन ठेवलं.